अस्पेंडोसचं रोमन थिएटर बघायला जाताय? मग पायऱ्या सोडा, आधी भिंत बघा

तुर्कस्तानातल्या अंताल्याला फिरायला जाणाऱ्या बहुतेकांच्या यादीत अस्पेंडोस असतंच. पण टूरची बस तिथे जेमतेम पाऊण तास थांबते, गाइड दोन किस्से सांगतो, लोक धापा टाकत अगदी वरपर्यंत चढतात, खाली बघून पॅनोरमा काढतात, कोणीतरी हटकून टाळी वाजवून बघतं आणि मग सगळे ज्यूसच्या स्टॉलवर. परत आल्यावर विचारलं कसं होतं, तर "मस्त होतं, खूप मोठं होतं". संपलं. बरं यात त्यांचा काही दोष नाही, नक्की काय बघायचं हे आधी कोणी सांगितलेलंच नसतं, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय.

एकच गोष्ट डोक्यात ठेवून जा. रोमन थिएटरच्या अर्धगोल पायऱ्या तुम्हाला भूमध्य समुद्राच्या चारही बाजूंना ढिगाने बघायला मिळतील. जे मिळत नाही ते म्हणजे पायऱ्यांच्या समोरची स्टेजची भिंत. ती उंच असते, सरळ उभी असते, मागे टेकडीचा आधार नसतो, त्यामुळे भूकंपात पहिली तीच कोसळते आणि मग तिचे घडीव दगड लोक घरं बांधायला घेऊन जातात. अस्पेंडोसला ही भिंत जवळजवळ पूर्ण उंचीची, २० मीटरच्या वर, तशीच उभी आहे आणि दोन्ही टोकांना पायऱ्यांना जोडलेलीसुद्धा आहे. म्हणजे तुम्ही आत उभे राहिलात की बाहेरचं जग दिसत नाही, चहूबाजूंनी थिएटरच. या तोडीची उदाहरणं मोजकीच, फ्रान्समधलं ऑरांज आणि सीरियातलं बोस्रा ही त्यातली नावाजलेली. तेव्हा वेळ कमी असेल तर वर चढू नका एकवेळ, पण भिंतीसमोर अर्धा तास घालवा.

कधी जायचं

याचं उत्तर ऋतूपेक्षा उन्हाच्या दिशेवर जास्त आहे आणि ते कोणी सांगत नाही. हे थिएटर टेकडीच्या पूर्वेकडच्या उताराला टेकून बांधलंय, त्यामुळे प्रेक्षक बसायचे ते पूर्वेकडे तोंड करून, आणि भिंतीची आतली, म्हणजे नक्षीकामाची बाजू पश्चिमेला तोंड करून. आता सकाळी दहाला आत गेलात तर सूर्य भिंतीच्या मागे, ऊन तुमच्या डोळ्यात, भिंत काळपट आणि फोटो बोंबलले. तेच दुपार कलल्यावर गेलात की ऊन समोरून थेट भिंतीवर पडतं, एकेक कोनाडा, एकेक खोबण सावलीसकट उठून दिसते, आणि शिवाय सूर्य टेकडीमागे उतरायला लागला की पायऱ्यांवर सावली यायला सुरुवात होते, म्हणजे तुम्ही सावलीत आणि भिंत उन्हात. याहून चांगलं काय पाहिजे. बाहेरची बाजू मात्र सकाळी खुलते, पण ती तशीही बरीचशी साधी आहे, तिच्यासाठी पहाटे उठायची गरज नाही.

ऋतू म्हणाल तर एप्रिल-मे, नाहीतर सप्टेंबर अखेर ते नोव्हेंबरची सुरुवात. जुलै-ऑगस्टमध्ये पारा ३५ च्या वर सहज जातो, कधी चाळीसलाही टेकतो, सगळा दगड तापलेला असतो आणि आत वारा फिरत नाही. त्या दिवसात जाणं भाग असेल तर बंद व्हायच्या दोन तास आधी पोचा असा हिशोब करा. उन्हाळी आणि हिवाळी वेळा वेगळ्या असतात आणि त्या बदलतात, त्यामुळे तुर्कस्तानच्या सांस्कृतिक आणि पर्यटन मंत्रालयाची म्युझियमची जी अधिकृत साइट आहे तिच्यावर आदल्या दिवशी बघून घ्या, दुसऱ्या कुठल्या तरी जुन्या पोस्टवर विसंबू नका. डिसेंबर-जानेवारीत गर्दी नसते हे खरं, पण अंताल्याचा पाऊस तेव्हाच असतो आणि ओल्या गुळगुळीत पायऱ्यांवरून उतरताना देव आठवतो.

पोचायचं कसं

अंताल्याहून पूर्वेला साधारण ४५ किलोमीटर, सेरिक तालुक्यात, बेल्किस नावाच्या गावाला लागून. गाडी भाड्याने घेतली असेल तर काही प्रश्नच नाही, डी-४०० हायवे धरायचा, सेरिक मागे टाकलं की थोड्या वेळात अस्पेंडोसची ब्राऊन पाटी दिसते, तिथून डावीकडे वळून चारेक किलोमीटर. (तिकडे गाड्या उजव्या बाजूने चालतात, पहिल्या दिवशी सर्कलवर जरा जपून.)

गाडी नसेल तर अंताल्याच्या ओतोगारवरून, म्हणजे बस स्टँडवरून, सेरिक किंवा मानवगातकडे जाणाऱ्या बस आणि दोल्मुश सारख्या असतात. दोल्मुश म्हणजे तिकडची शेअर मिनीबस. ड्रायव्हरला "अस्पेंडोस" एवढं सांगितलं तरी तो फाट्यावर उतरवतो, पण खरी गोम पुढच्या चार किलोमीटरची आहे, तो रस्ता सपाट असला तरी सावली नाही आणि उन्हाळ्यात तो चालत जायचा विचारही करू नका. त्यापेक्षा सरळ सेरिकला उतरा, तिथून टॅक्सी करा, आणि बसायच्या आधीच परतीचं आणि थांबायचं मिळून किती लिरा ते ठरवून घ्या. थांबायला अर्धा तास देतो म्हणाला तर दोन तास म्हणा, मग दीडवर या. सिदेला, म्हणजे पलीकडच्या समुद्रकाठच्या गावात, राहत असाल तर अंतर अजून कमी, पण पद्धत हीच.

टूर बसने जाणं वाईट नाही, फक्त बुक करताना एकच प्रश्न विचारा, अस्पेंडोसला किती वेळ थांबणार. पेर्गे (जवळचंच दुसरं प्राचीन शहर), अस्पेंडोस, सिदे, धबधबा आणि वर सोन्याचं दुकान असं सगळं एका दिवसात कोंबलं असेल तर समजून जा.

तिकीट दारातच मिळतं. परदेशी पाहुण्यांचा दर युरोत लिहिलेला असतो आणि स्थानिकांपेक्षा बराच जास्त असतो, त्यावर तिथे वाद घालण्यात अर्थ नाही. तुम्ही पेर्गे, सिदे, पातारा वगैरे अजून दोनतीन जागा करणार असाल तर म्युझियम पासचा हिशोब मांडून बघा, बऱ्याचदा तो स्वस्त पडतो. व्हिसाचं म्हणाल तर भारतीय पासपोर्टवर ई-व्हिसा हवा असेल तर अमेरिका, ब्रिटन, आयर्लंड किंवा शेंगेनचा चालू व्हिसा किंवा रेसिडेन्स परमिट लागतं, ते नसेल तर रीतसर अर्ज करून स्टिकर व्हिसा. पण हे नियम बदलत असतात, तिकिटं काढायच्या आधी अधिकृत साइटवर खात्री करा.

आत शिरण्याआधी

गेट ओलांडून थिएटरसमोर आलात की लगेच आत पळू नका, बाहेरून भिंत बघा. खिडक्यांच्या रांगा आहेत, अगदी कचेरीची इमारत वाटावी इतकी सरळसोट. आता अगदी वर माथ्याजवळ बघा, भिंतीतून बाहेर आलेले दगड दिसतील आणि त्यांना भोकं पाडलेली आहेत. त्या भोकांत लाकडी खांब उभे करायचे आणि दोरखंडांवर कापड ताणून प्रेक्षकांवर सावली करायची. रोमन लोक उन्हात तळत नाटकं बघत नव्हते, आपणच बघतो.

दगडाकडेही जरा जवळून बघा. बराचसा दगड इथलाच आहे आणि त्यात नदीतले छोटे-मोठे गोटे चिक्कीतल्या दाण्यांसारखे घट्ट बसलेले दिसतात. दिसायला ओबडधोबड, म्हणून जिथे दिखावा करायचा तिथे वरून संगमरवर लावलेला होता. तो गेला, गोट्यांचा दगड राहिला.

तुम्ही ज्या दाराने आत शिरता ते मूळचं प्रेक्षकांचं दार नाहीच. भिंतीतलं हे दार खूप नंतर उघडलेलं आहे. खरे रस्ते दोन्ही टोकांना, स्टेज आणि पायऱ्या जिथे मिळतात तिथे, कमानीचे बोगदे आहेत ते. आत गेल्यावर आधी त्यातल्या एका बोगद्याकडे जा, कारण थिएटरचा सगळा इतिहास तिथे लिहिलेला आहे, अगदी शब्दशः. दोन्ही प्रवेशांवर ग्रीक आणि लॅटिन अशा दोन्ही भाषांत शिलालेख आहे की कुर्तिउस क्रिस्पिनुस आणि कुर्तिउस औस्पिकातुस या दोन भावांनी हे थिएटर गावच्या देवांना आणि सम्राटाच्या घराण्याला अर्पण केलं. दक्षिणेकडच्या बाजूला आर्किटेक्टचं नाव मिळतं, झेनोन, थिओडोरोसचा मुलगा, इथलाच. काळ सम्राट मार्कुस औरेलिउसचा, म्हणजे इसवी सन १६१ ते १८०. लोकांना काम इतकं आवडलं की त्यांनी झेनोनला स्टेडियमशेजारी मोठी बाग बक्षीस दिली. एवढ्या जुन्या इमारतीच्या आर्किटेक्टचं, तेही गावातल्याच माणसाचं, नाव बापाच्या नावासकट माहीत असणं ही फार दुर्मिळ गोष्ट आहे, आणि लोक त्याच्या खालून बाटलीचं झाकण उघडत निघून जातात.

आता भिंत

ऑर्केस्ट्रा म्हणजे खालचा जो अर्धगोल मोकळा चौक आहे ना, त्याच्या मागच्या कडेला, पायऱ्यांना पाठ लावून उभे राहा. हवं तर पहिल्या दुसऱ्या पायरीवर बसा. आणि भिंत खालून वर वाचत जा.

सगळ्यात खाली छोटी छोटी दारं दिसतील, माणूस वाकून जाईल अशी. ती थेट ऑर्केस्ट्राच्या पातळीला उघडतात, प्राण्यांच्या खेळांच्या वेळी जनावरं तिथून सोडत असं सांगतात. त्यांच्या वर पाच मोठी दारं आहेत, मधलं सगळ्यात मोठं, आणि ती अधांतरी वाटतात, दारातून पाऊल टाकलं तर माणूस थेट खाली पडेल अशी. कारण त्या दारांपुढे लाकडी स्टेज होतं, ते कधीच गेलं. ते लाकडी स्टेज एकदा डोक्यात उभं केलंत की सगळी भिंत जागेवर बसते, नट त्या पाच दारांतून यायचे जायचे.

त्याच्या वर दोन मजली सजावट. दोन्ही मजल्यांवर मिळून ४० सुटे खांब होते, खालच्या मजल्यावर आयोनिक म्हणजे वर दोन्ही बाजूंना गुंडाळी असलेले, आणि वरच्या मजल्यावर कोरिंथियन म्हणजे पानांच्या गुच्छाचे. खांब आता नाहीत, पण ते जिथे उभे होते तिथले पुढे आलेले दगड आहेत, त्यांच्यामागे पुतळ्यांचे कोनाडे आहेत, कोनाड्यांवर कुठे त्रिकोणी तर कुठे गोलसर माथे आहेत. अगदी मधोमध वरच्या त्रिकोणात बघा, वेलबुट्टीतून वर आलेली एक आकृती आहे, तो डायोनिसस, नाटकाचा आणि दारूचा देव. मोबाईलच्या झूमनेही नीट दिसतो, आणि छोटी दुर्बीण असेल तर नक्की न्या, मी तर म्हणेन पाण्याच्या बाटलीनंतर सगळ्यात कामाची वस्तू तीच.

आणि आता ते बघा जे जवळजवळ कोणीच बघत नाही. स्टेजच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींवर वरच्या भागात एक तिरकी रेघ दिसेल, एका बाजूने उतरत आलेली, म्हणजे दगडातली खाचच ती. स्टेजवर लाकडी उतरतं छप्पर होतं आणि ते या खाचेत बसवलेलं होतं. नटांच्या डोक्यावर छप्पर, प्रेक्षकांच्या डोक्यावर कापड, मागे चाळीस खांबांची रंगीत भिंत. हे एवढं सगळं त्या एका तिरक्या रेघेवरून कळतं.

भिंतीवर काही ठिकाणी गिलावा शिल्लक आहे आणि त्यावर लाल रंगाच्या नागमोडी, झिगझॅग पट्ट्या आहेत. त्या रोमन नाहीत. १३ व्या शतकात इथे सेल्जुक तुर्कांचं राज्य होतं, त्यांच्या सुलतान अलाउद्दीन केकुबादने (राज्यकाळ १२२० ते १२३७) या थिएटरची डागडुजी करून ते वापरात घेतलं, कोणी म्हणतं कारवान सराय, म्हणजे व्यापारी तांड्यांची धर्मशाळा म्हणून, कोणी म्हणतं महाल म्हणून. रंगीत टाइल्सही लावल्या होत्या. इमारत टिकली यात या मंडळींचा मोठा वाटा आहे, वापरात असलेली इमारत कोणी फोडून नेत नाही. त्यामुळे गाइड "हे सगळं जसंच्या तसं रोमन आहे" म्हणाला तर मान डोलवा आणि लाल पट्ट्या बघत बसा.

आवाजाची ती भानगड

टाळी वाजवणं, नाणं पाडणं, कागद फाडणं, सगळे करतात, तुम्हीही करा, मजा येते. पण एकट्याने करू नका. एक जण ऑर्केस्ट्राच्या मधोमध उभा राहू दे, दुसऱ्याने वर जाऊन बसायचं, आणि खालच्याने नेहमीच्या आवाजात दोन वाक्यं बोलायची, ओरडायचं नाही. मग एक पाऊल बाजूला सरकून परत तेच बोलायचं. फरक कळतो. आणि मग खालच्याने भिंतीकडे तोंड करून बोलायचं, तेव्हा भिंतीचं काम लक्षात येतं, आवाज तिच्यावरून परत पायऱ्यांकडे येतो. लाकडी छप्पर होतं तेव्हा हे अजून चांगलं होत असणार.

"टाचणी पडली तरी शेवटच्या रांगेत ऐकू येते" हे मात्र जरा हात राखून ऐका. २०१७ मध्ये आइंडहोवनच्या तांत्रिक विद्यापीठातल्या संशोधकांनी ग्रीसमधल्या एपिडॉरस, अर्गोस आणि अथेन्सच्या हेरोडेस अॅटिकस अशा तीन ठिकाणी मोजमाप केलं आणि असल्या दाव्यांत बरीच अतिशयोक्ती निघाली. अस्पेंडोसचा आवाज उत्तम आहेच, पण गर्दीच्या वेळी सहा ग्रुप एकाच वेळी टाळ्या वाजवत असतील तर टाचणीच काय, शेजारचाही ऐकू येत नाही.

यावरून इथली दंतकथा आठवली, गाइड सांगतोच. राजाने पण लावला की गावासाठी जो सगळ्यात उपयोगी काम करेल त्याला मुलगी देईन. एकाने डोंगरातून पाणी आणलं, दुसऱ्याने हे थिएटर बांधलं. राजा पाणीवाल्याला मुलगी द्यायच्या बेतात होता, पण थिएटरच्या वरच्या गॅलरीत फिरताना त्याला कुजबुज ऐकू आली, "राजाने मुलगी मलाच द्यायला पाहिजे", बघतो तर खाली स्टेजवर आर्किटेक्ट पुटपुटतोय. राजा गार. माझ्या मते पाणी आणणाऱ्यावर सरळ अन्याय झाला, का ते पुढे सांगते.

वर चढताना

पायऱ्या दोन टप्प्यांत आहेत, खाली २० रांगा, मग मधे आडवा फिरायचा रस्ता, मग वर २१ रांगा. रांगा उंच आहेत, बसायच्या आहेत, चढायच्या नाहीत. चढायला त्यांच्यामधून बारीक जिने काढलेत, खाली १० आणि वर २१, तेच वापरा. कठडा नाही, धरायला काही नाही. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी आडव्या रस्त्यापर्यंतच जावं, खरं तर दृश्य तिथूनच सगळ्यात चांगलं दिसतं, भिंतीचा वरचा मजला डोळ्यांच्या समोर येतो. लहान मुलं बरोबर असतील तर हात सोडू नका, ती वर धावत जातात आणि उतरायची वेळ आली की रडतात. चप्पल नको, पक्की पकड असलेले बूट घाला.

काही पायऱ्या नव्याकोऱ्या पांढऱ्या दिसतील. २०१५ च्या सुमारास डागडुजीत हे दगड बसवले यावरून तिकडे बराच आरडाओरडा झाला होता, अधिकाऱ्यांचं म्हणणं होतं की काळानुसार रंग जुळेल. जाऊन स्वतः ठरवा. मला विचाराल तर तुटक्या पायरीवरून कोणी घसरून पडण्यापेक्षा पांढरी पायरी परवडली.

सगळ्यात वर ५९ कमानींची गॅलरी आहे. इथे सावली असते, वारा असतो, बसायला उत्तम. इथून थिएटरचा पूर्ण घेर लक्षात येतो, व्यास साधारण ९६ मीटर. किती माणसं मावत असतील याचे आकडे सात हजारांपासून पंधरा हजारांच्या पुढेपर्यंत ऐकायला मिळतात, एका माणसाला किती जागा धरायची यावर ते अवलंबून. बसण्यातही मानपान होता, पुढच्या रांगा अधिकारी आणि प्रतिष्ठितांच्या, बायका मागे वरती, आणि दोन्ही बोगद्यांच्या डोक्यावर जे खास कक्ष दिसतात ते बड्या लोकांचे.

थिएटर झाल्यावर लगेच निघू नका

थिएटरच्या बाजूने टेकडीवर पायवाट जाते. ऐंशी टक्के लोक जात नाहीत असं मी सहज म्हणेन, वर बऱ्याचदा आपण आणि सरडे एवढेच असतो. वर जुन्या शहराचा बाजारचौक, बासिलिकेचे, म्हणजे मोठ्या सार्वजनिक सभागृहाचे, अवशेष आणि पाण्याच्या कारंज्याची एक मोठी नक्षीदार भिंत आहे. पाट्या फार नाहीत, झुडपं पायाला ओरबाडतात, फुल पँट घाला. हे शहर पैसेवालं आणि जरा बेरकी होतं. इसवी सनपूर्व ३३३ मध्ये अलेक्झांडर आला तेव्हा ५० टॅलेंट (तेव्हाचं चांदी मोजायचं मोठं माप) आणि घोडे देतो असं कबूल करून त्याला वाटेला लावलं आणि मग शब्द फिरवला, तो परत आला आणि ५० चे १०० करून गेला.

टेकडीच्या उत्तर कडेला जा. खाली शेतांमधून कमानींची रांग आणि दोन उंच मनोरे दिसतील, तीच ती पाण्याची योजना जिच्यावर अन्याय झाला म्हणाले. डोंगरातून साधारण १९ किलोमीटरवरून पाणी यायचं आणि शेवटी मधे खोलगट जमीन. एवढी उंच कमान बांधण्याऐवजी त्यांनी दगड कोरून पाइप केले, एकाला एक जोडले आणि पाणी दाबाने खाली उतरवून पुन्हा वर चढवलं. पाइपलाइन जिथे वळते तिथे मनोरा, त्यावर उघडी टाकी, म्हणजे अडकलेली हवा निघून जाते आणि दाब विभागला जातो. यासाठी तिबेरिउस क्लाउदिउस इतालिकुस नावाच्या माणसाने २० लाख देनारी, म्हणजे रोमन चांदीची नाणी, दिल्याची नोंद शिलालेखात आहे. आता सांगा मुलगी कोणाला द्यायला हवी होती. मनोऱ्यांपाशी गाडीने जाता येतं, तिकीट नाही, जुन्या जिन्यांवर मात्र चढायला जाऊ नका.

परत हायवेकडे जाताना कोप्रूचाय नदीवर एक जुना पूल दिसतो, तिथे पाच मिनिटं थांबाच. पूल चालता चालता मधेच वळतो. रोमन पूल पडला, त्याचे खालचे भाग जागचे हलले, आणि सेल्जुकांनी त्यांच्यावरच नवा पूल बांधला, त्यामुळे पुलाला वळण आलं. वरून चालत जाता येतं.

दिवस आखायचा असेल तर सकाळी पेर्गे करा, ते अंताल्याच्या जवळ आहे आणि तिथे सावली कमी म्हणून सकाळच बरी. दुपारी सेरिकमध्ये जेवा, शाकाहारी असाल तर पियाझ मागा, अंताल्याकडचा पियाझ म्हणजे पांढऱ्या बीन्सची, तीळ वाटून घातलेली उसळवजा डिश, पोट भरतं. वर अंडं असतं बऱ्याचदा, नको असेल तर आधीच सांगा. आणि मग तीन-साडेतीनला अस्पेंडोस. सिदेचं थिएटर दुसऱ्या दिवशी बघा, ते टेकडीला न टेकता कमानींवर उभं केलेलं आहे आणि त्याची स्टेजची भिंत बरीच ढासळलेली आहे, दोन्ही पाठोपाठ बघितली की अस्पेंडोसमध्ये काय वाचलंय ते कोणी समजावून सांगावं लागत नाही.

आसपास कोणी "जुनं नाणं, शेतात सापडलं" म्हणत जवळ आला तर सरळ पुढे चालायला लागा. नाणं खोटं असेल तर पैसे गेले, आणि खरं असेल तर त्याहून वाईट, तुर्कस्तानच्या १९८३ च्या २८६३ क्रमांकाच्या कायद्याप्रमाणे पुरातन वस्तू देशाबाहेर नेणं गुन्हा आहे आणि एअरपोर्टवर बॅगा तपासतात. रस्त्यात पडलेला कोरीव दगडाचा तुकडासुद्धा आठवण म्हणून उचलू नका. ड्रोनही परवानगीशिवाय उडवता येत नाही.

रात्रीचा शो बघायचा असेल तर

१९३० मध्ये आधुनिक तुर्कस्तानचे संस्थापक अतातुर्क इथे आले होते, तेव्हा त्यांनी हे थिएटर दुरुस्त करून परत वापरात आणा असं सांगितलं असं तिकडे मानाने सांगतात. १९९४ पासून तुर्कस्तानच्या सरकारी ऑपेरा आणि बॅले संस्थेचा आंतरराष्ट्रीय महोत्सव इथे भरतो. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात जाणार असाल तर तारखा बघा, ऑपेरातलं ओ की ठो कळत नसलं तरी चालेल, दिवे लावलेली ती भिंत बघायला म्हणून जा. तिकीट काढताना ठिकाणाचं नाव दोनदा वाचा, कारण जवळच अस्पेंडोस अरेना नावाची आधुनिक जागा आहे, तिथे मोठे डान्स शो होतात, शो चांगले असतील पण ते हे थिएटर नव्हे, आणि नावावरून लोकांची गल्लत होते. जाताना बसायला उशी किंवा जाडसर टॉवेल न्या, दोन अडीच तास दगडावर बसायचं असतं. लवकर पोचा म्हणजे अंधार पडायच्या आत जिने बघून ठेवता येतात, टॉर्च जवळ ठेवा, आणि उंच टाचांचे सँडल हॉटेलवरच ठेवा. शो संपतो तेव्हा दोल्मुश मिळायची आशा धरू नका, सगळी गर्दी एकदम बाहेर पडते, टॅक्सीवाल्याशी आधीच बोलून त्याचा नंबर घेऊन ठेवा आणि तो गाडी नक्की कुठे लावणार ते उजेडातच बघून घ्या.